गाडीला पिकअप नाही

गोडादरा, सुरत
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

आबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे.

तुम्ही फोन उचलत नाही. प्रभावतीआत्याला लावला की ती म्हणते, “दादा शेतात गेला.” सकाळी सातलाही शेतात, दुपारी एकलाही शेतात. आत्याला खोटं बोलता येत नाही, बोलून झाल्यावर ती खोकते. म्हणून पत्र.

मला एकच विचारायचं आहे. गाडीला तुम्ही काय केलंत?

चौदा वर्षं ज्या व्हॅनला कुणाला हात लावू दिला नाहीत, तिची चावी दसऱ्यानंतर एका सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलीत. “विकून टाक. तुला नाही झेपायची,” एवढंच म्हणालात आणि त्याच दुपारच्या पॅसेंजरने गावाला निघून गेलात. त्यावर मी जे बोलले ते मला आठवतंय. मागे घेत नाही.

गाडी मी विकली नाही. दिवाळीची सुट्टी संपून कडोदऱ्याचं युनिट उघडलं तशी मी तुमचीच फेरी धरली. त्याच नऊ बाया, तेच साड्यांच्या घड्या घालायचं त्यांचं काम. गेट नऊला लागतं. या पंधरवड्यात तीनदा आम्ही लागलेलं गेट पाहिलं. बाया अर्ध्या दिवसाला मुकल्या आणि मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. गाडी चाळीसच्या वर जातच नाही. सारोलीकडच्या पुलावर दुसऱ्या गियरमध्ये अशी कण्हत चढते की मागचे टेम्पोवाले हॉर्न सोडत नाहीत.

बाया सांगतात, आबा साडेसातलाच न्यायचे. मी आठला नेते, त्यांना घरी भाकऱ्या टाकायला वेळ मिळावा म्हणून. म्हणजे गाडी चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून मला बोलला नाहीत.

आज युनिट बंद, म्हणून ड्रायव्हरची सीट उचलून खालचं इंजिन उघडून बसले. लिंबायतच्या जुन्या घरासमोर तुम्ही असेच बसायचात आणि मी पाने द्यायचे. दहाचा, बाराचा, चौदाचा, न बघता हातात द्यायचे. जे विसरले ते मोबाइलवर बघून घेते. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत फिल्टर नव्हे, काळी गोधडी होती. किती वर्षं बदलला नव्हता? तिन्ही प्लग काजळलेले. हे सगळं तुम्ही करता? तुम्ही, जे दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून नाक मुरडायचात? फिल्टर नवा टाकला, प्लग नवे टाकले. गाडी आता एका सेल्फला सुरू होते, उभ्या उभ्या थरथरत नाही. पण पिकअप तसाच, नाहीच.

पलीकडच्या गल्लीतला चेतन, त्याची स्वतःची व्हॅन आहे, काल तो आला होता. म्हणाला, “ताई, काढायची असेल तर मी घेतो. आबांशी माझी वात झाली छे.” काय बोलणं झालं तुमचं त्याच्याशी? मला न सांगता?

खरं ते लिहा.

रंजना


रविवार, ८ डिसेंबर २०२४

आबा,

पत्र मिळालं. दोन ओळी. “गाडीत आता जोर राहिला नाही. चेतनला देऊन टाक, तू मोकळी हो.” खाली तुमचं नाव.

हे अक्षर तुमचं नाही. तुमचा ‘र’ कसा असतो ते मला माहीत आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिलाय. हे अक्षर योगराजदादाचं आहे. आत्याच्या मुलाला आपल्या गाडीत एवढा रस कधीपासून? मला तर अशीही शंका येते की माझं पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच नसेल. तसं असेल तर योगराजदादा, तू हे वाचत असशील, तर लाज वाटू दे.

आणि तुम्ही स्वतःच सांगून लिहून घेतलं असेल, तर त्याहून वाईट. दोन ओळी लिहायलासुद्धा मुलगी नको झाली का?

गेल्या रविवारी थ्रॉटल उघडला. हवा आत जाते ती झडप काजळीने अर्धी झाकलेली होती. कापडाने आणि स्प्रेने पुसता पुसता दोन फडकी काळी झाली. चारही टायरमध्ये हवा कमी होती, ती भरून घेतली. मागच्या सीटखालचं लोखंडी सामान काढलं. जुना जॅक, तुटलेली साखळी, दोन बॅटऱ्यांचे सांगाडे. बाया म्हणाल्या, आता पाय ठेवायला जागा झाली. तिसऱ्या गियरवर पूल चढते आता, पण कडेकडेने, चोरासारखी. दोन बाया तरी चेतनच्या गाडीत गेल्याच. मी त्यांना दोष देत नाही.

गोपालकाकाचं वागणंही मला समजत नाही. तुमचा चाळीस वर्षांचा मित्र, म्हणून त्यांच्या गॅरेजवर एक पाना मागायला गेले. मी गाडी उघडतेय म्हटल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. “कसाले उघडस व बेटी?” म्हणाले. “राहू दे. मनाकडे सोड एक दिवस, मीच करी देस.” मी म्हटलं, मला शिकायचंय. तर म्हणे, “आधी एक दिवस दे, मंग शिक.” तेव्हापासून चारदा फोन आला. एक दिवस दे, एक दिवस दे. परवा तर घरीच आले, मी अंघोळीला गेले असताना. बाहेर आले तर व्हॅनचं दार उघडं आणि काका खाली वाकून काहीतरी चाचपडत होते. मला बघून म्हणाले, चष्मा पडला. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मी चावी आता ब्लाउजमध्ये ठेवते.

चेतन, योगराजदादा, गोपालकाका. तिघांना एकच हवंय, गाडी माझ्या हातून जावी. आणि तिघांच्या मागे मला तुम्हीच उभे दिसता. का ते कळत नाही. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, मला वाटलं समजून घेतलंत. आता वाटतं, तेव्हापासून मी परत जायची वाट बघत होतात. गाडी नसली की पोट नाही, पोट नाही की रंजना आपोआप नाशिकला. असंच ना?

रंजना


रविवार, २२ डिसेंबर २०२४

आबा,

सापडलं.

केबल ढिली असेल म्हणून आज रेसची केबल तपासायला घेतली. केबल ठीक होती. मग वाटलं, पॅडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटलची झडप पूर्ण उघडते का ते तरी बघू. शेजारच्या चैतालीला सीटवर बसवलं आणि सांगितलं, दाब. ती म्हणाली, “दाबलंय काकी, तळाला टेकलं.” मी इकडे शेजारची सीट उचलून झडपेकडे बघतेय, तर ती अर्धीसुद्धा उघडली नव्हती. म्हटलं, अजून दाब. ती म्हणाली, खाली जागाच नाही.

रबराचं मॅट उचललं. तुम्ही ते चारही बाजूंनी चिकटवून टाकलं होतं, चाकूने कापावं लागलं. त्याखाली, पॅडलच्या बरोबर खाली, पत्र्याला भोक पाडून एक जाडा बोल्ट बसवलेला. वर दोन नट एकमेकांवर आवळलेले, डोक्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे पॅडल टेकलं तरी टक् आवाज येऊ नये. किती विचार करून केलेलं काम. पाऊल पूर्ण दाबलं असं वाटावं आणि गाडीने अर्ध्या जोराने चालावं.

हे आपोआप होत नाही. हे चेतनला जमणार नाही, योगराजदादाला पाना धरता येत नाही. हे गोपालकाकाचे हात आहेत आणि तुमचं डोकं.

सतराचा पाना लावून दहा मिनिटांत काढला. मग एकटीच सारोलीपर्यंत जाऊन आले. आबा, गाडी पूल चौथ्या गियरवर चढली. मला रडू आलं आणि मग संताप आला, कारण महिनाभर मी स्वतःला नालायक समजत होते. वाटायचं, तुमच्या हातात चालत होती ती माझ्याच हातात का अडते. नऊ बायांसमोर मान खाली घालून बसायचे. आणि तुम्ही गावात बसून वाट बघत होता, रंजना कधी हरते.

शत्रू असता तर समोरून आला असता. बापाने पायाखाली बोल्ट लावला. शाळेत मुली तुमच्या ‘दगा’ या नावावरून मला चिडवायच्या, दगाची मुलगी म्हणून. मी त्यांच्याशी भांडायचे. आज त्यांच्यातली एखादी भेटली तर भांडणार नाही.

यापुढे पत्र लिहिणार नाही.

रंजना


रविवार, २९ डिसेंबर २०२४
स्पीडपोस्टने

योगराजदादा,

हे पत्र तुला आहे आणि आबांनाही आहे. तू त्यांना वाचून दाखवतोस हे मला आता कळलंय. माझी मागची पत्रं तू गाळून गाळून वाचलीस हेही गोपालकाकाने सांगितलं. “पोरीला सांगा जरा बेताने लिहायला, मला अर्धं गिळून वाचावं लागतं,” असं तू त्यांना फोनवर म्हणालास. मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवून कान गरम होतात. पण हे पत्र जसंच्या तसं वाच. एक शब्द गाळू नकोस. आबांना शेजारी बसव आणि वाच.

आबा,

सोमवारी सकाळी गाडी जोरात निघाली तशा बाया खूश झाल्या. धुरपदाबाई तेवढ्या गप्प होत्या. तुमच्या वेळेपासून त्या पुढच्या सीटवर बसतात, मला वाटायचं मोठ्या आहेत म्हणून मान. मी पन्नासच्या वर गेले तसा त्यांचा हात हँडब्रेकवर गेला. मी म्हटलं, “मावशी, हे काय?” तर दचकून हात मागे घेतला.

परतीला सगळ्या बाया उतरल्या, त्या उतरल्या नाहीत. विचारलं, “बोल्ट काढा का तू?”

मी म्हटलं, “तुम्हालाही माहीत होतं?”

त्या रडायला लागल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिते, कारण तुम्ही मला कधीच सांगणार नाही.

दोन वर्षांपासून तुम्हाला बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, तेही नळीतून बघावं तसं. धुरपदाबाईंना तुम्ही पुढे बसवलंत. पहिल्यांदा चेष्टेने विचारायचात, “धुरपदे, सिग्नल काय म्हनी राहिना?” त्यांना वाटायचं, म्हातारा गप्पिष्ट झालाय. मग रोजच विचारायला लागलात. लाल शे का हिरवा? डाव्या अंगाले काही शे का? त्या सांगायच्या आणि तुम्ही चालवायचात. मागे आठ बाया गाणी म्हणायच्या, त्यांना पत्ता नव्हता. तुमची तुम्हालाच भीती वाटायला लागली तेव्हा गोपालकाकाकडून बोल्ट लावून घेतलात. दिसत नसेल तर निदान वेग नको. फिल्टर बदलला नाहीत, प्लग काढले नाहीत, कारण तेही तुम्हाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला हात लावू दिला तर बोल्ट दिसला असता.

आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी पर्वत पाटियाच्या वळणावर तुम्ही धुरपदाबाईंना विचारलंत, “ते पांढरं काय शे?” त्या दुसरीकडे बघत होत्या. बघितलं तर शाळेच्या ड्रेसमधली मुलगी, गाडीपासून हातभर. त्यांनी हँडब्रेक ओढला. मुलीला काही झालं नाही, ती पळून गेली. तुम्ही मात्र बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिलात, म्हणे. दुसऱ्या सकाळी चावी माझ्या कपाशेजारी आली.

तिथून मी गोपालकाकाकडे गेले. ते म्हणाले, “बोल्ट काढाले मी चारदा फोन करा, घरी बी आलो, तू हात लावू दिला नही. त्यानी माले शपथ घातली होती, पोरीले दखावाले नको.” मी लहानपणापासून तुमच्याशेजारी बसून उघडलेल्या गाड्या बघत आले, ही पण उघडणार आणि विचारणार, म्हणून तुम्हाला ती घाईघाईने चेतनला देऊन टाकायची होती. एवढंच होतं सगळं.

आता माझं ऐका. मला तुमचा राग आलाय. नऊ बाया होत्या आबा. घरी त्यांची लेकरं होती. तुम्हाला थांबता आलं असतं. मला सांगता आलं असतं, मी दोन वर्षं त्याच घरात होते. तुमच्या ताटात वाढत होते, वाटी डावीकडे ठेवली की तुम्ही चाचपडायचात आणि मला वाटायचं पेपरात लक्ष आहे. मला दिसायला हवं होतं. माझे तर डोळे चांगले होते.

आणि त्या दिवशी तुम्ही निघताना मी तुम्हाला काय म्हणाले ते धुरपदाबाईंना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. “तुम्हाला माझं कधी काही दिसलंच नाही.” असं म्हणाले मी. तुम्ही उंबऱ्याशी उभे होता, पिशवी खांद्याला. तुमचा चेहरा पडला, मला वाटलं वर्मी लागलं, बरं झालं. मागे घेत नाही म्हणून पहिल्या पत्रात लिहिलं. आता घेते.

शनिवारी बायांना सोडून मी तशीच निघते, नवापूरमार्गे. रात्रीपर्यंत पोचेन. रविवारी आपण परत यायचं आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. शेतात गेला म्हणून आत्याकडून सांगवू नका. मी शेतात येईन.

रंजना


गोडादरा
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. योगराजदादा,

फोनवर आबा जवळ असतात, नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकेल, रोज दोन वेळा, आयुष्यभर. “दोन वर्षांपूर्वी आले असते तर,” असं त्यांनी सुरू केलं आणि आबांकडे बघून थांबले. आबा म्हणाले, “बोला डॉक्टर, पोरगी सगळं ऐकूनच घेते.” थेंब मी घालते. पहिले आठ दिवस ते डोळा मिटून घ्यायचे, आता घेत नाहीत.

आबांनी सगळ्या बायांना घरी बोलवायला सांगितलं. नऊजणी आल्या, चेतनकडे गेलेल्या दोघीही. आबांनी उभं राहून सांगितलं, मला दिसत नव्हतं आणि मी तुम्हाला नेत होतो. जयश्री म्हणून एक आहे, तिला दोन लहान मुलं. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसली, पण आबांच्या दारावरून जाताना आत बघत नाही. आबा म्हणतात, तिचं बरोबर आहे. धुरपदाबाई मात्र रोज चहाला येतात आणि अजूनही त्यांना गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते सांगत बसतात.

माझी पत्रं तू आबांच्या पिशवीत घालून दिली होतीस. मी ती त्यांना वाचून दाखवली, सगळी, बोल्टचंही, नावाचंही. मध्ये एकदा म्हणाले, “हे योगराजने वाचलं नव्हतं.” मी म्हटलं, थांबू का? म्हणाले, वाच. शेवटी म्हणाले, “थ्रॉटल पुसलास ते मला आवडलं.” मी रागावले होते तुझ्यावर, गाळलंस म्हणून. मला वाटायचं, माणसाला सगळं कळायला हवं, पुढे त्याचं तो बघेल.

गाडी छान चालते. नऊला पाच कमी असताना आम्ही गेटवर असतो. आबा ओट्यावर बसून गाडी येण्याची वाट बघतात आणि आवाजावरून तिची तब्येत सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतं.

या गुरुवारी गाडी थांबवली तर लगेच म्हणाले, “मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. आजच बघ.” मी जॅक लावला, चाक काढलं, हाताने फिरवून पाहिलं. बेअरिंग चांगलं होतं. आवाज मागच्या सीटखाली लोळणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा होता, कुणीतरी विसरलेली. मी बाटली काढली, चाक परत बसवलं, हात धुतले.

आबांनी विचारलं, “काय निघालं?”

मी म्हटलं, “तुम्ही म्हणालात तेच. बदललं.”

ते बराच वेळ बसून राहिले, खूश होते. मग आत जेवायला आले.

तू फोन केलास तर बेअरिंगचं काही विचारू नकोस. आत्याला नमस्कार.

तुझी,
रंजना